आमचा शिरांचा दवाखाना

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दवाखान्यात नोकरी केली की कपड्यांना स्पिरिटचा वास चिकटतो, तसे तेही चिकटतात आणि धुतले तरी जात नाहीत. परवा नणंदेकडे वास्तुशांत होती. कुणीतरी उभं राहून राहून पाय भरून आले म्हणालं, आणि मी सहज एक किस्सा सांगितला. मग दुसरा. पंगत उठली तरी आमचा कोपरा उठेना. शेवटी नणंदच म्हणाली, "वहिनी, पाय पुरे झाले. आता जिलबी घ्या."

तर पाय. नव्वदच्या दशकात मी नगरला, सावेडीत, एका सर्जनच्या छोट्या हॉस्पिटलात सिस्टर होते. दहा कॉट, एक थिएटर, सर, मी आणि आमचे वॉर्डबॉय शंकरराव. शंकररावांनी तेव्हाच पन्नाशी ओलांडली होती, पण हुद्द्यातच 'बॉय' असल्यावर कोण काय करणार! सर तशी सगळीच ऑपरेशनं करायचे, पण त्यांचा खरा जीव पायांच्या फुगलेल्या शिरांवर. व्हेरिकोज व्हेन्स. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी दिसतात ना, त्या. सर मुंबईहून शिकून आलेले. होता होईतो कापायचं नाही, बारीक सुईने शिरेत औषध सोडायचं, वरून घट्ट पट्टी बांधायची आणि माणूस घरी पाठवायचा, असा त्यांचा खाक्या. पट्टी बांधायचं काम माझं. मला आजही माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पोटऱ्या आठवतात.

\*

घरी पाठवायचा म्हटलं, पण माणूस जायला तर हवा.

पाथर्डीकडचे एक शेतकरी आले. जीप भरून आले. पेशंट, पेशंटचा थोरला भाऊ, दोन मेहुणे, आणि बरोबर स्टोव्ह, पातेली, पिठाचा डबा, दोन वळकट्या. आठ दिवसांच्या तयारीने घरची कामं वाटून देऊन मंडळी निघालेली. सरांनी पाय बघितला, इंजेक्शनं दिली, मी पट्टी बांधली. सगळं मिळून वीस मिनिटं. सर हात पुसत बाहेर आले आणि थोरल्या भावाला म्हणाले, झालं, आता घेऊन जा.

भावाने एकदा सरांकडे बघितलं, एकदा जीपकडे. काय झालं, असं त्याने विचारलं. सरांनी पुन्हा समजावलं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं समाधान काही होत नव्हतं. अख्ख्या गावाला सांगून आलेलो, संध्याकाळी परत गेलो तर लोक म्हणतील यांना डॉक्टरनी हाकलून दिलं, अशी त्याची अडचण.

मग त्यांनी आमच्या आवारातल्या लिंबाखाली मुक्काम ठोकला. चांगला दोन दिवस. स्टोव्ह पेटला, पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या. सरांना आणि आम्हालाही ताट यायचं. पेशंट आपला दिवसभर आवारात फेऱ्या मारायचा आणि मेहुण्यांशी पत्ते खेळायचा. तिसऱ्या दिवशी निघताना थोरल्या भावाने सरांना बाजूला घेतलं.

"डॉक्टर, तुमचा हात लई चांगला हाय," तो म्हणाला. "पन जरा येळ लावत जावा. लोकाला भरवसा येत न्हाई."

सर हसले, पण शब्द लागला असावा. पुढच्याच आठवड्यापासून ते मला सांगायला लागले, सिस्टर, पट्टी जरा सावकाश बांधा.

\*

काही शिरा मात्र इतक्या मोठ्या असायच्या की ऑपरेशनच करावं लागायचं. त्यात एक गंमत असते. या शिरा माणूस उभा असला तरच दिसतात. आडवा झाला की रक्त ओसरतं आणि शीर गडप. म्हणून आदल्या दिवशी पेशंटला स्टुलावर उभं करून, शीर जाईल तशी पायावर पेनाने रेघ ओढून ठेवायची. सर हे काम फार मन लावून करायचे. जीभ किंचित बाहेर काढून.

कापडबाजारातले एक कटिंग मास्तर असेच स्टुलावर उभे होते. तीस वर्षं टेबलाशी उभं राहून कापड बेतलेलं, दोन्ही पायांची पार दशा झालेली. सर खाली बसून रेघा ओढत होते आणि मास्तर वरून बघत होते. बराच वेळ त्यांनी कळ काढली. मग हळूच म्हणाले, "साहेब, मार्जिन सोडलंय ना? मागून लागतं."

आणि एक होत्या जोशीबाई, शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. सरांनी त्यांच्या पायावर तासभर खपून अख्खा नकाशा काढला. सकाळी त्यांना थिएटरमध्ये घेतलं, मी चादर बाजूला केली, तर पाय लख्ख गोरा. एक रेघ नाही. बाई पहाटे उठल्या होत्या. ऑपरेशनला जायचं म्हणजे स्वच्छ होऊन जायला नको का, म्हणून घरून आणलेल्या वजरीने त्यांनी पाय घासून काढला होता. वर मलाच म्हणाल्या, माझ्या पायावर कुणीतरी काहीबाही लिहून ठेवलं होतं, लक्ष असतं की नाही तुमचं?

सरांनी बाईंना खाली उतरवलं, पुन्हा स्टुलावर चढवलं आणि पुन्हा रेघा ओढल्या. बाई तेव्हाही खाली वाकून बघत होत्या आणि अक्षर सुधारा म्हणत होत्या. दुपारी सर बाजारातलं कुठलं पेन न पुसणारं असेल याची चौकशी करत बसले होते. शंकररावांनी ती ऐकली.

"सर, तहसीलीत माझा साडू आहे," ते म्हणाले. "मतदानाची शाई आणू का?"

आणि सरांनी यावर क्षणभर विचार केला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

\*

इंजेक्शन दिल्यावर पेशंटला लगेच चालायला लावायचं, हा आमच्याकडचा पक्का नियम. अर्धा तास चालायचं. बसायचं नाही, एका जागी उभंही राहायचं नाही. सगळेच चुकारपणा करायचे. गेटपर्यंत जायचे आणि चहाच्या टपरीवर बसायचे. त्यामुळे मी दम भरायला शिकले होते.

अशात एक निवृत्त सुभेदार आले. नगरला लष्करातली माणसं काही कमी नाहीत, पण हे अस्सल. बूट चकचकीत, मिशा पीळदार. पट्टी बांधून झाल्यावर मी नेहमीच्या सवयीने दम दिला, की मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. ते म्हणाले, "ठीक है सिस्टर," आणि निघाले.

तेवढ्यात एक अपेंडिक्स आलं. मी थिएटरला गेले. बाहेर आले तर दुसरी ड्रेसिंगं खोळंबलेली. सुभेदारांची मला आठवणच राहिली नाही. दोन तासांनी काउंटरवरचा फोन वाजला. पलीकडे एसटीडी बूथवरचा गलका आणि त्यातून सुभेदारांचा आवाज, शांत.

"सिस्टर, केडगाव आलंय," ते म्हणाले. "पुढे पुण्याच्या दिशेने चालू, की इथून परत फिरू?"

मी रिक्षा करून या म्हटलं. रिक्षात बसावं लागेल, ते चालेल का, असं त्यांनी विचारून घेतलं. सांगायला हरकत नाही, त्यांच्याइतका झकास पाय त्या वर्षी दुसऱ्या कुणाचा झाला नाही.

\*

त्या दिवसांत पायाचे दाबाचे मोजे नगरला सहज मिळायचे नाहीत. आम्ही मापं घेऊन मुंबईहून मागवायचो. ते जोडीनेच यायचे आणि महाग असायचे. आता ज्याचा एकच पाय बिघडलाय त्याने दुसऱ्या मोज्याचं काय करायचं?

आमच्याकडे एक सलूनवाले यायचे, त्यांचा डावा पाय. एक एस.टी. कंडक्टर यायचे, त्यांचा उजवा. बाकावर शेजारी बसल्या बसल्या दोघांची ओळख झाली, पायांवरून विषय निघाला, माप विचारून झालं. नेमकं एकच. मोज्यात डावं-उजवं नसतं, तरी दोघांनी मला तीनतीनदा विचारून खात्री केली आणि दोघांत एक जोड घेतला. मग दर सहा महिन्यांनी दोघं मिळून यायचे, एक जोड घ्यायचे, आणि आमच्या बाकावर बसून एकेक मोजा घालून जायचे. कंडक्टरसाहेबांची कटिंगही त्यांच्याकडेच सुरू झाली. दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळ जायला लागला.

तीन-चार वर्षं गेली. एक दिवस सलूनवाले एकटेच आले, तोंड उतरलेलं. सरांनी बघितलं तर उजव्या पायातही शिरा फुगायला लागलेल्या. सरांनी धीर दिला, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. पण ते पायाला घाबरलेच नव्हते.

"मला आता पुरा जोड लागनार," ते मला बाहेर येऊन म्हणाले. "कंडक्टरला कोन्या तोंडानं सांगू?"

शेवटी मीच कंडक्टरांना सांगितलं. ते उठले, शर्ट नीट केला आणि आमच्या ओपीडीच्या रांगेत एका टोकापासून सुरुवात करून एकेकाला विचारत निघाले, "डावा का उजवा? बोला, डावा का उजवा?" आणि दोन्हीवाल्यांना मान हलवून पुढे.

चौथ्या माणसापाशी त्यांना डावा मिळाला.

\*

दशक संपता संपता सर एका कॉन्फरन्सला जाऊन आले ते हवेतच. परदेशात म्हणे आता शिरेच्या आत दोऱ्याएवढी तार सरकवायची आणि लेझरने ती शीर आतल्या आत बंद करायची, अशी खटपट चालू झाली होती. काप नाही, टाका नाही, मुक्काम नाही. हे नगरला यायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पण येणार म्हणजे येणार, असं सर चहा पिता पिता आम्हाला समजावून सांगत होते.

शंकररावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कप उचलता उचलता म्हणाले, "सर, आपण सुई टोचतो तरी लोक म्हणतात काही केलंच नाही. नुसता उजेड पाडल्यावर काय म्हणतील?"

सरांचा चहा तसाच राहिला.

\*

आता एकच सांगते. हा किस्सा पंगतीत मी सांगत नाही, कारण तो सांगताना माझा आवाज बिघडतो आणि लोकांना वाटतं मला सर्दी झालीय.

पुणतांब्याची सुनंदा. तिशीची असेल. घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम, चार वर्षं न भरणारी. फुगलेल्या शिरांचं दुखणं अंगावर काढलं की शेवटी हे असं होतं. सरांनी इंजेक्शनं दिली, मी पट्टी बांधली, आणि सरांनी कागदावर लिहून दिलं: दिवसातून तीन वेळा, तासभर, पाय छातीच्या वर. पायथ्याला दोन विटा घालून आडवं पडायचं. या दुखण्यात अर्धं औषध तेच. जखम भरली नाही तर पुण्याला नेऊन मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल, हेही सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. ती त्याला फार घाबरली होती. घरात दोन लहान पोरं, सासू वारलेली, नवरा दिवसभर शेतात. तिच्याशिवाय चूल पेटणार नव्हती.

दर पंधरा दिवसांनी ती एस.टी. बदलून यायची. मी धुतलेल्या एक्स-रे फिल्मवर जखमेची कड काढून ठेवायचे. दोन महिने झाले, चार फिल्म झाल्या, एकावर एक ठेवल्या तर चारही रेघा एकच. मी विचारायचे, पाय वर ठेवतेस का? ती म्हणायची, ठिवते की. मी तिला बोलायचे. खूप बोलायचे. तुला स्वतःच्या पायाची काळजी नाही तर आम्ही का करायची, इथपर्यंत बोलले. ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

पाचव्या खेपेला पट्टी सोडता सोडता बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"सिस्टर, आमचं घर दोन खोल्यांचं," ती म्हणाली. "मागं चूल. म्होरं एका अंगाला देव आन् एका अंगाला नानांची खाट. मी पाय वर करू तरी कुनीकडं?"

नाना म्हणजे तिचे सासरे. सत्तरीचे, धोतर-सदरा, डोक्याला पागोटं. त्या दिवशी तेच तिला घेऊन आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते. सरांनी त्यांना आत बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. फक्त विचारलं, "किती वर?" सरांनी हाताने दाखवलं. नानांनी तो हात नीट बघून ठेवला आणि सुनेला घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. मी आधी सुनंदाची जखम बघितली. नवी रेघही जागची हललेली नव्हती. तिला बाहेर बसवून मी सरांना सांगायला आत गेले, तर माझ्या मागोमाग नाना आत आले आणि दार लोटून घेतलं.

"मी सांगितलं तिला," ते म्हणाले. "ऐकत न्हाई. म्हनती, तुमी बसलेलं आन् मी पाय वर करून लोळू व्हय? मी भाईर जाऊन बसलो, तर भाईर येऊन हुबी ऱ्हाती. उनात का बसलाय म्हनून."

एवढं बोलून ते आमच्या स्टुलावर चढले. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"माजे पाय बघा," म्हणाले.

सरांनी बघितले. मीही बघितले. उभ्या आयुष्यात मी इतके पाय बघितलेत, पण सत्तराव्या वर्षी असे पाय नाही. घट्ट पोटऱ्या, एक शीर वर आलेली नाही. सरांनी पावलांवरची नाडीसुद्धा तपासली. ठणठणीत. नाना, तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं सर म्हणाले.

"नीट बघा."

सरांनी परत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. खुर्चीत बसले, कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. वरती नानांचं नाव लिहिलं आणि खाली सुनंदाला लिहून दिलं होतं तेच लिहायला लागले. तीन वेळा, तासभर, पाय छातीच्या वर.

"तिला दोन इटा सांगितल्या न्हवं?" नाना स्टुलावरूनच म्हणाले. "मला तीन लिवा."

सरांनी तीन लिहिल्या. त्यांनी सही केली, शिक्का मारला. नानांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, पण स्टुलावरून उतरले नाहीत.

"आन् पट्टी," ते म्हणाले. "दोनी पायांना."

मी खाली बसले. बोटांच्या मुळापासून सुरुवात केली, घोट्याला वळसा, मग वर गुडघ्याखालपर्यंत. सैलच बांधली, पण सावकाश, आणि दिसायला अशी नीट की कुणाला शंका येऊ नये. शेवटची पिन लावली तेव्हा मला नीट दिसत नव्हतं.

नाना खाली उतरले, सरांना नमस्कार केला आणि ताठ चालत दारापर्यंत गेले. शंकररावांनी दार उघडलं. समोर बाकावर सुनंदा बसली होती.

नानांनी उंबरा ओलांडला आणि लंगडायला लागले. कुठल्या पायाने लंगडायचं ते मात्र आधी ठरवलेलं नसावं. दोन पावलं डाव्याने लंगडले, मग दोन उजव्याने.